जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा डेस्कटॉप दहा-बारा वर्षांचा आहे. त्यात आजचं कार्ड चालेल का?

बहुतेक वेळा चालतं. मदरबोर्डवर लांबलचक पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल, तर त्यात आजचं कार्ड बसतं. २००३ पासून आलेल्या या स्लॉटच्या सगळ्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. कार्ड चौथ्या पिढीचं आणि बोर्ड दुसऱ्या पिढीचा असेल, तर दोघं मिळून दुसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात. त्याआधीचा एजीपी स्लॉट असेल तर मात्र विषय तिथेच संपला.

पण बसणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं. घोडं स्लॉटपाशी क्वचितच अडतं. ते अडतं एसएमपीएसपाशी (वीज पुरवणारा डबा, म्हणजेच सप्लाय), कॅबिनेटच्या लांबी-रुंदीपाशी, बायोसपाशी (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आणि कधीकधी जुन्या सीपीयूपाशी. म्हणून "सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं?" हा प्रश्न शेवटी ठेवा. जुन्या मशीनमध्ये कोणतं कार्ड घ्यायचं ते निम्म्याहून जास्त ते मशीनच ठरवतं.

मग सुरुवात कुठून करायची?

कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला वॅटचा आकडा सोडून द्या. खाली एक तक्ता असतो, त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात. आपल्या कामाचा फक्त १२ व्होल्टचा, कारण ग्राफिक्स कार्ड आणि सीपीयू दोघांचं पोट त्यावरच भरतं. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. वर "४५० वॅट" असं ठळक छापलेलं असलं तरी तुमच्या कामाचे वॅट २१६च. स्वस्त एसएमपीएसमध्ये उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवून आकडा फुगवलेला असतो. १२ व्होल्टच्या दोन रांगा असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका. दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती, ते बहुधा खालीच वेगळं छापलेलं असतं.

आता खर्चाची बाजू. समजा सीपीयू कोअर आय५-४५७० आहे. त्याचं रेटिंग ८४ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ढोबळमानाने ५० धरा. ७५ वॅटचं कार्ड घातलं तर बेरीज दोनशे दहाच्या घरात जाते. चांगल्या कंपनीचा ३०० वॅटचा एसएमपीएस हे आरामात पेलतो. १८ अँपिअरवाला काठावर येतो. त्याच जागी १३२ वॅटचं आरएक्स ६६०० घातलं की हिशेब २६५च्या पुढे जातो. एएमडी या कार्डासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, कारण कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढतं आणि कमकुवत सप्लाय नेमका त्या क्षणी बसतो. गेम सुरू झाला की कॉम्प्युटर एकदम बंद पडून परत चालू होतो, ही तक्रार बरेचदा इथली असते.

एसएमपीएसचंही वय होतं. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून दमतात. दहा वर्षं रोज चाललेल्या सप्लायवर नवं कार्ड लादण्यापेक्षा आधी सप्लाय बदला आणि उरलेल्या पैशात बसेल ते कार्ड घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. सप्लाय पुढच्या मशीनमध्येही कामाला येतो.

सहा पिन, आठ पिन ही काय भानगड आहे?

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागले तर एसएमपीएसमधून वेगळी केबल जोडावी लागते. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. अगदी नव्या, मोठ्या कार्डांना सोळा पिनांची केबल लागते आणि ती ६०० वॅटपर्यंत जाते, पण ती कार्डं या पानाच्या कक्षेबाहेरची.

एक सावधगिरी. सीपीयूसाठीही आठ पिनांची केबल असते आणि ती दिसायला तशीच असते. पिनांची मांडणी मात्र उलटी. कनेक्टर जात नसेल तर जोर लावू नका, चुकीची केबल हातात असण्याचीच शक्यता जास्त.

एसएमपीएसला सहा पिनांची केबलच नाही. साटाचा अ‍ॅडॅप्टर लावला तर?

नको. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येक दीड अँपिअरची. म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ वॅट ओढायला लावलं की कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं, प्रसंगी पेट घेतं. ज्या सप्लायला कार्डाची केबल दिलेलीच नाही, तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही, असं समजा. बाहेरची केबल न लागणारं कार्ड घ्या किंवा सप्लाय बदला.

ऑफिसमधला ब्रँडेड डेस्कटॉप घेतला आहे. त्याचा एसएमपीएस बदलता येतो का?

दर वेळी नाही. डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिसच्या मॉडेलांमध्ये मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर बरेचदा नेहमीचा चोवीस पिनांचा नसतो. सहा, आठ किंवा दहा पिनांचा त्यांचा स्वतःचा असतो. काहींत एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो, त्यामुळे बाजारातला साधा सप्लाय त्या खाचेत बसतच नाही. मोठ्या, उभ्या कॅबिनेटच्या मॉडेलांना कनेक्टर बदलून देणाऱ्या केबल मिळतात आणि त्या ठीक चालतात. चपट्या मॉडेलांमध्ये मात्र आहे त्या सप्लायवरच भागवावं लागतं. शिवाय काही चपट्या मॉडेलांच्या स्लॉटला कंपनीने ७५ वॅटही दिलेले नसतात. मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत हा आकडा असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चपटं कॅबिनेट असेल तर कोणती कार्डं?

अर्ध्या उंचीची, म्हणजे लो-प्रोफाइल. एनव्हीडियाच्या जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीचं रूप यांची अशी मॉडेलं निघाली आहेत. आरएक्स ६४०० तर फक्त ५३ वॅटचं आणि मुळातच लहान. सोबत छोटी पट्टी येते ना, हे विचारून घ्या. सेकंडहँड घेताना ती हमखास हरवलेली असते आणि तिच्याशिवाय कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसत नाही.

उंच कॅबिनेटमध्ये लांबी मोजा. स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून पुढे हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप धरा. जुन्या कॅबिनेटमध्ये हा पिंजरा नेमका कार्डाच्या वाटेत येतो. पॉवर केबल कार्डाच्या टोकाला लागत असेल तर तिच्या वळणासाठी तीन-चार सेंटिमीटर आणखी सोडा. आणि दोन स्लॉटची जाडी धरून खाली साटाची पोर्टं झाकली जात नाहीत ना, तेही बघा.

बोर्ड जुन्या पिढीचा असल्याने कार्डाचा वेग किती कमी होतो?

लेन म्हणजे स्लॉटमधून डेटा नेणाऱ्या वाटा. कार्ड सोळाही लेनचं असेल तर फारसा नाही. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी नेतात, दुसऱ्या पिढीच्या ८. मध्यम कार्डाला तेवढं पुरतं.

खरी गोम स्वस्त कार्डांत आहे. कंपन्या त्यांत लेन कमी देतात. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेनची आहेत. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी तर फक्त चार लेनची. स्लॉट पूर्ण लांबीचा दिसतो, कार्डही त्यात घट्ट बसतं, पण तारा जोडलेल्या असतात चारच. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेन ८ जीबी नेतात आणि काम भागतं. तिसऱ्या पिढीवर ४ राहतात, दुसऱ्या पिढीवर २. त्यात या कार्डांची मेमरी सहसा चार जीबी. ती भरली की डेटा सारखा रॅममधून आणावा लागतो, तोही याच अरुंद वाटेने. गेम मग चालता चालता अडखळतो. जी कार्डं खास जुन्या, छोट्या मशीनसाठी म्हणून विकली जातात, त्यांनाच जुन्या बोर्डावर सर्वात जास्त फटका बसावा, हा विनोदच आहे. पण तसं आहे खरं.

तुमचा बोर्ड कोणत्या पिढीचा, हे सीपीयूवरूनही कळतं. इंटेलचे २०११ चे दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर पीसीआयईची दुसरी पिढीच देतात. २०१२ च्या आय५-३४७० किंवा आय७-३७७० पासून तिसरी मिळते, अर्थात बोर्डाची साथ असेल तर. एएमडीच्या एफएक्स मालिकेच्या बोर्डांवर दुसरीच धरून चाला.

सीपीयू जुना असल्यामुळे कार्डाचे पैसे वाया जातील का?

जातील की नाही, हे तुम्ही काय खेळता त्यावर आहे. फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, तयार करण्याआधी सीपीयूला आपलं काम उरकून ती कार्डाकडे सोपवावी लागते. सीपीयू सेकंदाला ५० फ्रेमच सोपवू शकत असेल, तर कार्ड कितीही तगडं असो, ५०च मिळणार. कार्ड मोठं घेऊन हा आकडा हलत नाही.

हे घरबसल्या तपासता येतं. नेहमीचा गेम चालवा, रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स अगदी खाली आणा आणि फ्रेमरेट बघा. चांगलाच वाढला, तर आजवर कार्ड अडवत होतं आणि नव्या कार्डाने फरक पडेल. जागचा हलला नाही, तर अडवणारा सीपीयू आहे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा एकूण वापर ६० टक्के दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. एकच कोअर शंभरावर अडकलेला असतो आणि बाकीचे रिकामे बसलेले असतात, म्हणून सरासरी कमी दिसते.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. काही नव्या गेमना एव्हीएक्स२ नावाच्या सूचनांचा संच लागतो. इंटेलमध्ये तो २०१३ च्या चौथ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून आला. आय७-३७७० वेगाने बरा असला तरी त्यात तो नाही, त्यामुळे असे गेम सुरूच होत नाहीत. तिथे कोणतंही कार्ड उपयोगाचं नाही.

आणि रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर कार्डाआधी तशीच दुसरी लावा. दोन पट्ट्यांनी सीपीयूला मेमरीची दुहेरी वाट मिळते.

कार्डाची मेमरी किती जीबीची हवी?

जुन्या आणि ऑनलाइन स्पर्धेच्या गेमना चार चालतात. नव्या मोठ्या गेमसाठी सहा ही खालची पायरी, आठ असतील तर निवांत. पण नुसत्या जीबीवर भुलू नका. जुन्या, मंद चिपला चार जीबी डीडीआर३ (जुन्या, संथ प्रकारची मेमरी) चिकटवून विकलेली कार्डं बाजारात भरपूर आहेत. तेवढी मेमरी वापरण्याची त्या चिपची कुवतच नसते.

बायोसचा काय संबंध?

काही नवी कार्डं फक्त यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीनेच चित्र दाखवतात. २०११-१२ च्या आधीचा, जुन्या पद्धतीचा बायोस असलेला बोर्ड अशा कार्डावर काळा पडदाच दाखवतो. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. "बायोस मोड"समोर यूईएफआय असेल तर प्रश्न नाही. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर बोर्ड यूईएफआय जाणतो का ते बघा. जाणत असेल तरी मोड नुसता बदलू नका, कारण डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल आणि मग विंडोज सुरूच होणार नाही. आधी बॅकअप घ्या, मग विंडोज १० मध्ये असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदला आणि त्यानंतर बायोसला हात लावा. बोर्डाचा बायोस अपडेट करायचा असेल तर तो जुनं कार्ड लावलेलं असतानाच करा.

इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनसाठी घेऊ नका. त्यांना रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते, आणि ती साधारण इंटेलच्या दहाव्या पिढीपासून आणि रायझन ३००० पासून मिळते. तिच्याशिवाय ही कार्डं फार मागे पडतात.

थोडक्यात, कोणतं कार्ड घेऊ?

सप्लायला जादा केबल नसेल तर आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीचं रूप. ७० वॅट, आठ लेन, आणि बहुतेक मॉडेलांना केबल लागत नाही. नाव वाचताना सावध राहा, कारण आठ जीबीचं ३०५० हे १३० वॅटचं वेगळंच कार्ड आहे. त्याखाली जीटीएक्स १६५०. यात काही मॉडेलांना सहा पिनांची केबल लागते, म्हणून फोटोत कार्डाची वरची कड बघून घ्या.

सप्लाय चांगला असेल आणि सीपीयू निदान सहा कोअरचा असेल तर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०. चार कोअरच्या जुन्या आय५ वर ३०५०च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

जीटीएक्स १०५० टीआय सेकंडहँड अजून बरंच दिसतं. पण ते २०१६ चं आहे, आणि एनव्हीडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. जुने गेम खेळायला ते कार्ड ठीक, नव्यांसाठी नाही.

सेकंडहँड घेताना काय बघू?

कार्ड डोळ्यांसमोर चालवून बघा. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा छोटा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर न्या. जुन्या, २०१०-११ सालच्या चिपमध्ये फेरफार केलेला बायोस भरून तिला १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. विंडोज नावाला फसतं, जीपीयू-झेड बहुधा पकडतं. मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तरी संशय घ्या, कारण १०५० टीआयची चिप अ‍ॅनालॉग सिग्नल देतच नाही. आरएक्स ५८०च्या बाबतीत शेडरचा, म्हणजे चिपमधल्या चित्र रंगवणाऱ्या छोट्या भागांचा, आकडा वाचा. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात, २०४८ दिसले तर ती त्याच नावाची कमी ताकदीची आवृत्ती.

मायनिंगला (क्रिप्टोचलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस गणितं चालवायला) वापरलेलं कार्ड म्हणजे विषच, असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली कित्येक अजून चालतात. पंखे मात्र झिजलेले असतात. बोटाने हलकेच फिरवून बघा, डगमगतात किंवा करकरतात का. मग पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवा. पडद्यावर रंगीत चौकटी किंवा ठिपके उमटले तर मेमरी खराब, तसंच परत द्या.

बसवताना काय काळजी घ्यायची?

आधी जुना ड्रायव्हर काढून टाका. कंपनी बदलत असाल, एनव्हीडियाकडून एएमडीकडे किंवा उलट, तर डीडीयू हे मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवा. मग कॉम्प्युटर बंद करून भिंतीतला प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज उतरवा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

जुनं कार्ड काढताना सगळ्यात जास्त बोर्ड खराब होतात ते एका छोट्या प्लास्टिकच्या खिटीपायी. स्लॉटच्या आतल्या टोकाला ती असते आणि कार्डाच्या खाचेत अडकलेली असते. काही बोर्डांवर ती खाली दाबायची असते, काहींवर बाजूला सरकवायची. मोठ्या कार्डाखाली दिसत नाही, म्हणून टॉर्च लावून बघा. ती न सोडवता ओढलं तर स्लॉटच उपटून येऊ शकतो. स्क्रू काढायलाही विसरू नका. नवं कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवा, खिटी "टक" वाजली की बसलं.

सगळं लावलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी आहे.

मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात राहिली आहे का? हसू नका, सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. केबल कार्डाला लावा.

तरी काळी असेल तर पॉवर केबल पूर्ण आत गेली आहे का बघा, कार्ड काढून पुन्हा बसवा, डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावून बघा. मग बोर्डाची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून बायोस मूळ स्थितीत आणा. सीपीयूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टावर चित्र येतं का तपासा. येत असेल तर बायोसमध्ये पहिला डिस्प्ले म्हणून पीसीआय एक्स्प्रेस निवडा आणि वर सांगितलेला यूईएफआयचा मुद्दा पुन्हा बघा. इंटेलच्या सीपीयूच्या नावाअखेरी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तिथे ही युक्ती चालणार नाही.

माझा मॉनिटर व्हीजीएचा आहे.

नव्या कार्डांवर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. सिग्नल बदलून देणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागेल, नुसती साधी केबल चालत नाही. जुन्या डीव्हीआय मॉनिटरला मात्र एचडीएमआय ते डीव्हीआय अशी साधी केबल पुरते.

विंडोज ७ किंवा ३२-बिट विंडोज चालेल का?

नाही. ३२-बिटसाठी एनव्हीडियाने २०१८ मध्येच नवे ड्रायव्हर थांबवले, आणि आजच्या कार्डांना विंडोज ७ चे ड्रायव्हर मिळत नाहीत. विंडोज १० वर कार्ड चालेल, पण त्या विंडोजचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लिनक्स वापरत असाल तर एएमडीचं कार्ड सोपं पडतं, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो.

मी गेम खेळत नाही. व्हिडिओ बघतो, थोडं एडिटिंग करतो. मग?

नुसतं ऑफिसचं काम आणि ब्राउझिंग असेल तर कार्ड नको, एसएसडी घ्या. फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

व्हिडिओसाठी मात्र कार्डाचा उपयोग आहे. आता बराच ऑनलाइन व्हिडिओ एव्ही१ स्वरूपात येतो आणि जुना सीपीयू ते ४केमध्ये उलगडताना धापा टाकतो. आरटीएक्स ३०५० आणि आरएक्स ६६०० हे काम स्वतःकडे घेतात. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी घेत नाहीत, आणि त्यांच्यात व्हिडिओ एन्कोड करायचीही सोय नाही. एडिटिंगसाठी ती दोन्ही यादीतून काढून टाका.

जुन्या कार्डाचं काय करू?

निदान काही महिने ते जपून ठेवा. नव्या कार्डाची काही कुरबुर निघाली तर दोष कार्डाचा की मशीनचा, हे जुनं लावून दहा मिनिटांत कळतं. बायोस अपडेट करताना किंवा नवं कार्ड वॉरंटीत पाठवलं तरही तेच हाताशी येतं. ठेवताना पोर्टांना आणि सोनेरी पट्टीला धूळ लागू देऊ नका, अँटिस्टॅटिक पिशवी सगळ्यात बरी.